गोदाचं नाव

“दादा, एक मिनिट थांबा हं, दूध उतू चाललंय,” ती म्हणाली आणि फोन तसाच चालू ठेवून गेली.

मी थांबलो. कानात भांड्याचा आवाज आला, कुणा लेकराचं रडणं आलं, मग तिचंच, “ए, सरक तिकडं, भाजशील.” त्याच्या आधीच्या वाक्यात मी तिला सांगितलं होतं की तुमच्यावर खटला होऊ शकतो, आणि कायद्यात तुरुंगाचीही शिक्षा आहे. हे ऐकल्यावर माणसं गप्प होतात, नाहीतर शिव्या देतात. दूध बघायला कुणी जात नाही. अकरा वर्षं झाली त्याला, पण तिचा तो आवाज अजून कानात तसाच ठेवलेला आहे.

“हां, बोला,” ती परत आली. “जेवलात का?”

“ताई, मी नोटिशीबद्दल बोलतोय.”

“व्हय, कळलं की. नोटिशीला वेळ लागंल, म्हणून विचारलं.”

पलीकडच्या टेबलावरचा गजेंद्र माझ्याकडे बघून हसला. आम्ही आठ जण होतो त्या खोलीत, पुण्यात, एका पडद्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. आठही जणांची फोनवरची नावं वेगळी होती. मी माणिक दुर्गे, पण फोनवर सुहास देशमुख. सबनीस वकिलांचं म्हणणं, “नाव भारदस्त हवं, आवाज मऊ हवा.”

काम साधं होतं. बंद पडलेल्या कॅसेट कंपन्यांचा जुना माल ‘मंजुळध्वनी’ नावाच्या एका कंपनीनं गठ्ठ्यानं विकत घेतला होता. त्यातली गाणी कुणी इंटरनेटवर टाकली, की आम्ही त्याला शोधायचं आणि नोटीस धाडायची. महिन्याला हजार-बाराशे नोटिसा जात. मजकूर एकच, फक्त नाव आणि गाणं बदलायचं. नोटिशीनंतर फोन. आकडा ठरलेला, पंधरा हजार. हा आकडा सबनिसांनी विचार करून काढला होता. “वकील केला तर पंचवीस जातील, म्हणून माणूस पंधरा देतो. मी कुणाला कोर्टात नेत नाही रे, मलाच कोर्टाचा कंटाळा आहे,” असं ते हसत सांगत. माणूस वाईट नव्हता. दुपारी सगळ्यांना चहा सांगायचा, कुणाची आई आजारी असली तर न मागता सुट्टी द्यायचा.

सिनेमाची गाणी संगणक आपोआप ओळखायचा. लोकगीतं त्याला जमायची नाहीत. एकच चाल गावोगाव, एकच ओवी शंभर तोंडी, त्यात कॅसेट घासलेली. तिथं माणसाचा कान लागायचा. मुलाखतीत सबनिसांनी मला चार तुकडे ऐकवले आणि मी चारही बरोबर सांगितले. “कुठं शिकलास?” त्यांनी विचारलं. “गावाकडं कानावर पडलेलं आहे,” मी म्हणालो. खरं सांगायचं तर मी गोंधळ्याचा मुलगा. संबळ वाजायला लागली की पाळण्यात माझे पाय हलायचे, असं आई सांगे. पण ते मी तिथं बोललो नाही.

आणि एका मंगळवारी माझ्या हेडफोनमध्ये माझे आप्पा गायला लागले.

इंटरनेटवर कुणीतरी चाळीस मिनिटांचा गोंधळ टाकला होता. खाली लिहिलं होतं : “आमच्या लग्नातला गोंधळ. गोंधळी : लिंबाजीबुवा, पिंपळटाकळीकर. असा गळा पुन्हा होणे नाही.” टाकणारीचं नाव कलावती घोगरे. आप्पांचं नाव अशा छापील अक्षरात मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. निवडणुकीच्या यादीत असेल तेवढंच. कंपनीच्या कॅसेटवर तर ‘पारंपरिक’ एवढाच शब्द होता.

मला एक खूण करायची असे, ‘जुळतं’ किंवा ‘जुळत नाही’. मी गोंधळ शेवटपर्यंत ऐकला. मग ‘जुळतं’ वर बोट ठेवलं.

का ठेवलं, ते सांगायला हवं. मी पाच-सहा वर्षांचा असताना बाजाराच्या दिवशी परांड्याच्या रस्त्यावर एका दुकानात ती कॅसेट वाजायला लागली आणि आमच्या घरावर बोलणी आली. गोंधळ्याची रीत अशी, की चौक मांडण्याआधी तो घरच्या वडीलधाऱ्या बाईजवळ बसतो आणि त्या घरचे देव विचारून घेतो. मोठ्या देव्या सगळ्यांच्याच, त्या विचाराव्या लागत नाहीत. पण विहिरीवरच्या आसरा, बांधावरचा म्हसोबा, घरातलं कोण अवघड मरण मेलं, कोण अजून उंबऱ्याशी घुटमळतं, ती नावं घरानं द्यायची. गोंधळी त्यांना एकेकाला हाक मारून बोलावतो. सकाळी चौक मोडला की ती नावं त्याच घरात ठेवून यायची, दुसऱ्या उंबऱ्यावर तोंडातून काढायची नाहीत. आप्पा तर घरी रियाज करतानाही ती जागा नुसती गुणगुणत पुढं जायचे.

आणि घोगऱ्यांच्या घरची नावं भर बाजारात वाजली. थोरल्या घोगऱ्यांनी आप्पांना वाड्यावर बोलावलं, सगळ्यांदेखत “घरचे देव विकलेस” म्हणाले, आणि आमची सतरा गावं सुटली. कुणी हळदीला बोलावीना, कुणी जागरणाला. संबळ आढ्याला टांगली गेली. आप्पा वीटभट्टीवर जायला लागले. बारा वर्षांचा झाल्यावर मी एकदा विचारलं, “आप्पा, तुम्ही विकलं का ते?” ते म्हणाले, “तुला काय वाटतं?” पुढं त्यांनी तो विषय काढला नाही, मीही नाही. ते गेले तेव्हा मी पुण्यात होतो.

म्हणजे माझ्या हिशेबी त्यांनी ते विकलेलंच होतं. विकलेलं म्हणजे कंपनीचं. म्हणून ‘जुळतं’.

आता फोनवर ही घोगऱ्यांची सून मला जेवलात का विचारत होती.

“ताई, ते गाणं तुम्ही काढून टाका. पंधरा हजार भरा आणि चूक झाली असं लिहून द्या. विषय संपला.”

“चूक कशी? माझ्याच लग्नातलं हाय ते.”

“हक्क कंपनीचा आहे.”

“माझ्या लग्नाचा?”

गजेंद्रनं तोंडावर हात धरला. मी कागदावरचं पुढचं वाक्य वाचलं, “सदर प्रकरण पुढील कार्यवाहीसाठी...”

“दादा,” ती मधेच म्हणाली, “मी अंगणवाडीवर हाय. पोलिसाचा कागद आला तर माझी सेविकेची जागा जाईल. पण चोरी केली म्हणून लिहून दिलं, तरी जाईलच की. त्यापरीस मी येते तिकडं. समक्ष बोलू. कुठं यायचं, ते सांगा.”

तिथं समक्ष कुणी येत नसे. पत्ता नोटिशीवर होता, तरी नसे.

ती शुक्रवारी आली. पहाटेची एसटी धरून. पंचेचाळीसच्या पुढची, अंगणवाडीची ठरलेली साडी नेसलेली, खांद्याला रेक्झिनची पिशवी. दारात चपला काढल्या. कुणी काढत नाही तिथं, पण तिनं काढल्या. “सुहास देशमुख कोण?” तिनं विचारलं.

मी उभा राहिलो. तिनं माझ्याकडे जरा जास्तच बघितलं. “फोनवर मोठे वाटला हुतात,” म्हणाली.

सबनिसांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा सांगितला. मला कॉम्प्युटरजवळ बसवलं. “हा आमचा कान,” ते म्हणाले. “ह्यानं जुळतं म्हटलं की जुळतंच. तरी तुम्ही एवढ्या लांबून आलात, तर ऐकून घ्या. ही कंपनीची कॅसेट. लाव रे.”

मी लावली. संबळ सुरू झाली, तुणतुणं आलं, मग आप्पांचा गळा. तेव्हा ते चाळिशीच्या आतले असतील. त्या गळ्यात उन्हात वाळवलेल्या हळदीसारखं काहीतरी होतं, कोरडं आणि पिवळंधमक. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

“आता आसरा येतील,” ती हळूच म्हणाली.

आप्पा गायले : *सात जणींनो आसरांनो, शेवाळाची पायरी सोडा, एकीचा हात एकीनं धरून मांडवाला या.*

“आता म्हसोबा. चिंचेखालचा.”

*चिंचेखालच्या म्हसोबा राया, शेंदूर निवू दे, घोंगडी घेऊन ये.*

सबनिसांनी चष्मा वर केला. “पाठ आहे तुम्हाला.”

“पाठ न्हाई साहेब. घरातले हायेत. रोजचे.” पुढचं नाव तिनं आधी सांगितलं नाही. मलाही ते ठाऊक होतं, आणि माझं बोट आवाज बारीक करायच्या खटक्याकडे गेलं होतं. पण आप्पा थांबणारे नव्हते :

*विहिरीतल्या गोदाबाई, पाण्यात किती राहशील गं, ओलं लुगडं पिळून ये, केस झाडून ये, तुझ्या घरात लगीन हाय, पाटावर तुझी जागा हाय.*

खोलीत फोनवर बोलणारे दोघं-तिघंही थांबले होते. पिळून ये म्हणताना आप्पांचा आवाज खाली यायचा, जणू कुणी घाबरलेल्या पोरीला दाराआडून बोलवावं.

“ही कोण?” सबनिसांनी विचारलं.

“माझी थोरली सासू. सासऱ्यांची पहिली बायको.” तिनं पिशवी मांडीवर ओढून घेतली. “विहिरीत गेली. का गेली, ते आमच्या घरात कुणी बोलत न्हाई. सासरे हुते तवर तिचं नाव काढायची चोरी हुती. माझ्या धाकट्या सासूनं बुवांच्या कानात सांगितलं तेवढंच. सवतीला बोलावल्याबिगर लगीन कसं लावायचं? आता सांगा साहेब, ह्या गोदाबाईवर तुमच्या कंपनीचा हक्क कसा?”

सबनिसांनी चहाचा कप तिच्याकडे सरकवला. “घ्या, निवतोय. हे बघा, कलावतीबाई. तुमच्याच घरात रेकॉर्ड झालं, मान्य. शंभर टक्के मान्य. पण मग ते कॅसेटवाल्याकडं आलं कसं? उडत तर गेलं नाही. ज्यानं गायलं त्यानं विकलं. आणि त्यानं विकलं असेल तर पुढं सगळं रीतसर आहे.”

“लिंबाजीबुवा तसं करणारे न्हवते.”

“मग कुणी केलं?”

ती पिशवीच्या चेनशी खेळत राहिली. चेन उघडी, मिटी.

“बघा,” सबनीस मऊपणे म्हणाले, “तुमच्याकडंही उत्तर नाही. मी रक्कम निम्मी करतो, तुम्ही अंगणवाडीच्या बाई, मला कळतं. फक्त सही करा की विनापरवाना टाकलं, चूक झाली. ते गाणं काढा. आणि खाली त्या गोंधळ्याचं नाव घातलंय तेही पुसा. असल्या नावांवरून उद्या त्याची पोरंबाळं हक्क सांगायला येतात, नसता ताप.”

“पोरगं हाय एक म्हणं त्यांचं. गाव सोडून गेलं. आलं न्हाई परत.”

“नाही ना? मग प्रश्नच मिटला.”

“आहे,” मी म्हणालो.

सबनिसांना वाटलं मी फाइलबद्दल बोलतोय. “काय आहे?”

“मुलगा आहे, साहेब. मीच. हा आवाज माझ्या वडिलांचा आहे.”

गजेंद्र हसला आणि माझं तोंड बघून थांबला. मला वाटलं होतं सबनीस चिडतील. दोन वर्षं लपवलं, घराण्याचं खोटं सांगितलं, काहीतरी म्हणतील. पण त्यांचा चेहरा उजळला. ते खुर्चीतून अर्धे उठले.

“अरे गाढवा! आधी बोलायचं नाही? केवढं काम सोपं केलंस!” त्यांनी टेबलाच्या खणातून कोरे कागद काढले. “ह्या अख्ख्या कॅसेटचा एकही मूळ कागद आपल्याकडं नाही, माहितीय? कोणी कुणाला विकलं, काही नाही. नुसता गठ्ठा. उद्या कुणी कडक वकील घेऊन उभा राहिला असता तर मी काय दाखवणार होतो? आता तू वारस. तू लिहून दे. माझ्या वडिलांनी हे ध्वनिमुद्रण अमुक साली स्वखुशीनं कंपनीला दिलं. बस. कंपनीला सांगून तुलाही काही मिळवून देतो. आणि ह्या बाईंचं मी सोडून देतो, जा, एक रुपयासुद्धा नको. सगळ्यांचं भलं. वडिलांनी विकलंच होतं ना रे?”

मी कलावतीबाईंकडे पाहिलं नाही. मला बाजाराचा तो रस्ता दिसत होता. आप्पा कांद्याच्या पाट्यांमधून चालतायत, मी त्यांच्या धोतराचा सोगा धरलेला, आणि दुकानातून त्यांचाच आवाज आमच्या मागं येतोय. लोक वळून बघतायत. आप्पा जोरात चालायला लागले. मी पडलो तरी त्यांनी मागं पाहिलं नाही.

“हो,” मी म्हणालो. “तसंच म्हणतात सगळे.”

“मग लिही.”

मी पेन घेतलं. तिला सोडतायत, माझी नोकरी राहतेय, आणि आप्पांना आता काय फरक पडणार होता. ते तर सगळं भोगून गेले होते. मी तारीख घातली. खाली लिहिलं, मी, माणिक लिंबाजी दुर्गे, वय तीस...

“माणिक?” ती म्हणाली. “पोळ्याला बैलापुढं नाचायचास, तो माणिक?”

“ताई, लिहू द्या मला. तुमचं सुटतंय ह्यात.”

“आई कुठं असते?”

“गेली. आप्पांच्या आधी दोन वर्षं.”

“बुवा गेले तेव्हा कोण हुतं जवळ?”

“कुणी नाही.”

तिनं तोंडाला पदर लावला. सबनीस सौजन्यानं खिडकीबाहेर बघायला लागले. मी पुढं लिहीत होतो. *माझे वडील कै. लिंबाजी यांनी* इथपर्यंत आलो, आणि तिचा हात आला तो थेट कागदावर. बांगड्या टेबलावर वाजल्या. भाजल्याच्या जुन्या खुणा असलेला, रुंद पंजाचा हात. माझं अक्षर त्याच्याखाली झाकलं गेलं.

“लिहू नको.”

“कलावतीबाई,” सबनीस वळले, “तुमच्याच फायद्याचं आहे.”

“साहेब, तुम्ही जरा गप बसा.” ती त्यांच्याकडं बघतही नव्हती. “माणिक, वर बघ. माझ्याकडं बघ. बुवांनी विकलं न्हाई. बुवांना टेप चालू हाय हेच ठाऊक न्हवतं.”

मी वर पाहिलं.

“टेप माझ्या भावाची हुती. रामहरीची. तो इथंच भोसरीला कारखान्यात लागला हुता, पहिल्या पगाराची नवी टेप घेऊन लग्नाला आला. चौकाच्या मागं धान्याची कणगी हुती, तिच्याआड त्यानं ठेवली. मला दाखवली हुती त्यानं. म्हणला, ताई, आता तू सासरची झालीस, तरी तुझं लगीन मी रोज ऐकणार. पुढं इथल्या एका कॅसेटवाल्याला त्यानं ती नुसती ऐकायला दिली, हौसेनं. माझ्या बहिणीच्या लग्नातला गोंधळ बघा कसा हाय म्हणून. त्याला काय माहीत, तो माणूस तिच्या हजार करून विकंल.”

पाण्याचा पेला मी पुढं केला, तो तिनं घेतला नाही.

“सासऱ्यांनी बुवांना बोलावलं त्या दिवशी मी माजघराच्या दारामागं उभी हुती. हातात पिठाची परात. लग्नाला वर्ष झालं न्हवतं. बुवा म्हणत हुते, देवाच्या दिवटीची आण, मी न्हाई. चारदा म्हणले. सासरे ऐकत न्हवते. मी तोंड उघडलं असतं तर सासऱ्यांनी रामहरीचा जीव घेतला असता, आन मला माहेरचं दार बंद झालं असतं. बुवा निघाले. जाताना त्यांनी दाराकडं बघितलं. मी त्यांना दिसले, माणिक. फटीतून. त्यांना कळलं हुतं. माझ्या तोंडावरूनच कळलं असंल. आन तरी ते माझं नाव न घेता गेले.”

खालच्या दुकानात कुणीतरी पडद्याचं कापड टरकन फाडलं. सबनिसांनी टोपण काढलेलं स्वतःचं पेन हळूच खिशाला लावलं.

“रामहरी गेल्या आखाडात गेला. म्हणून मी ते नाव टाकलं तिथं. म्हटलं, निदान नाव तरी लागू दे बुवांचं. पण नुसतं नाव लिहून भागत न्हाई. ते मला एसटीतच कळत हुतं, येताना. तरी तासभर बसले इथं, आन बोलले न्हाई. माझी वहिनी जिती हाय, तिची पोरं हायेत, ती उद्या मला काय म्हणतील, म्हणून बोलले न्हाई.”

तिनं कागदावरचा हात उचलला, आणि माझ्या हातातलं पेन माझ्याच बोटांत नीट बसवलं, अंगणवाडीतल्या लेकराच्या बोटांत बसवावं तसं.

“ते खोड सगळं. आता मी सांगते तसं लिही. मी, कलावती भगवान घोगरे. लिंबाजीबुवांनी काही विकलं न्हाई. टेप माझ्या भावानं केली, मला ठाऊक हुतं, आन पंचवीस वर्षं मी गप बसले. लिही. खाली सही माझी.”